शेवंताबाईच्या पायाचं माप

लग्नसराई तोंडावर आलेली, कपाटात अकरा ब्लाउज नुसते कापून ठेवलेले, आणि मी दुकानाच्या दारावर पाटी लावली, 'पाच दिवस बाहेरगावी.' शेजारच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, "काकू, देवदर्शनाला का?" मी म्हटलं, "दर्शनालाच, पण अस्वलाच्या." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मलाही थोडं तसंच वाटत होतं.

सगळं खापर नलूच्या डोक्यावर. नलू म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण, आयुष्यभर झुरळाला घाबरलेली. तिनं कुठंतरी वाचलं की बुलढाणा जिल्ह्यातल्या डोंगरात अस्वलांचा माग काढायची सहल निघते. सकाळी वाटाड्याबरोबर जंगलात फिरायचं आणि दुपारी पाणवठे साफ करायचे, शिकाऱ्यांनी लावलेले तारेचे फास शोधून काढायचे. "म्हणजे सुट्टी काढून राबायचं," मी म्हटलं. "हो," नलू म्हणाली, "पण अस्वलासाठी." तिनं आधीच दोघींची नावं घातली होती.

बरोबर काय आणायचं त्याची यादी आली. टोपी, शिट्टी, बूट, आणि शेवटी 'दोन जुन्या साड्या'. जंगलात साड्या कशाला, हे काही कुणी सांगेना. मी दोन नायलॉनच्या घेतल्या आणि सवयीप्रमाणे पर्समध्ये मापाची टेप टाकली. एकवेळ मी चष्मा विसरेन, टेप नाही.

बुलढाण्याला रेल्वे नाही, त्यामुळे हाडं खिळखिळी करून घेत आम्ही बसनं पोचलो. पहाटेची थंडी अशी की दात वाजत होते. आमच्यात नाशिकचे एक दातांचे डॉक्टर होते, त्यांना मी म्हटलं, "बघा, गिऱ्हाईक आलं." ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, सहल गंभीरपणे घ्यायची असते. बाकी आम्ही एकूण सहाजण होतो, आणि डॉक्टर सोडले तर सगळे शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे खुळावलेले.

स्टँडवर गरम कचोरी आणि दोन-दोन कप चहा झाल्यावर आमचे वाटाडे आले. गजाननभाऊ. वय पंचेचाळीसच्या आसपास, डोक्याला दुपट्टा, गळ्यात दुर्बीण. घरची थोडी कोरडवाहू जमीन आणि उरलेला वेळ जंगलात. जीप बोथ्याच्या घाटाकडे निघाली तसे ते बोलायला लागले.

"अस्वल दिसंन का?" नलूनं लगेच त्यांच्या सुरात विचारलं.

"तुमाले दिसंन का नाई सांगता येत नाई," गजाननभाऊ म्हणाले, "पण त्याले तुमी नक्की दिसान."

नलूनं गळ्यातली शिट्टी चाचपली. खाली काळ्या जमिनीत कापूस पांढराशुभ्र फुटलेला आणि वर डोंगरात साग, सलई, निष्पर्ण झालेला पळस. गाव घाटाच्या अलीकडे होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं जे घडलं ते तिथल्या माणसांचं आहे, त्यांचं त्यांच्याकडं राहू दे.

आमचा मुक्काम गावाच्या टोकाला दोन खोल्यांत होता. अंगणात चूल, आणि चुलीपाशी शेवंताबाई. बारकीशी, काटक, पन्नाशीची. सकाळी आमच्या भाकरी थापायची, दिवसभर वावरात (शेतात) कापूस वेचायची आणि संध्याकाळी परत चुलीपाशी. पहिल्याच जेवणात तिनं सोले-वांगे (तुरीच्या ओल्या दाण्यांची वांग्याची भाजी) वाढलं आणि मी पुण्यातल्या सगळ्या खानावळींना मनातल्या मनात राम राम ठोकला. ठेचा असा, की डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पहिल्यांदाच माणसासारखे दिसले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या गारठ्यात शेवंताबाईच्या पायात काही नव्हतं.

"शेवंताबाई, चप्पल कुठंय?"

"हाय ना घरी. खुंटीले टांगली."

"मग काऊन नाही घालत?" मी माझं नवं कोरं वऱ्हाडी वापरून पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसली.

"नवस हाय, ताई. सैलानी बाबाचा. होळीनंतर दर्ग्यावर यात्रा भरते, तवालोक अनवाणी."

"कशाचा नवस?"

"सांगितला तं फिटत नाई."

"मलेही नाई सांगत," गजाननभाऊ म्हणाले. "मी तिचा सख्खा चुलतभाऊ. वर्ष होऊन राह्यलं, काट्याकुट्यातनं तशीच फिरते."

"तू आपलं अस्वल पाह्य," शेवंताबाई म्हणाली आणि माझ्या ताटात तिसरी भाकरी पडली.

दुसऱ्या दिवशी जंगलात गेलो. गजाननभाऊंनी वारुळं दाखवली, अस्वलानं नखांनी उकरलेली. मोहाच्या झाडावरचे ओरखडे दाखवले. सांगितलं, की अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखाच दिसतो, म्हणून चिखलात नीट बघत जा. मग ते पुढचा पाणवठा बघायला गेले आणि आम्ही ओढ्याकाठानं डोळे जमिनीला लावून निघालो. अर्ध्या तासानं डॉक्टर थबकले.

"अस्वल," ते कुजबुजले. "मागचा पाय. पूर्ण वाढ झालेलं."

ओल्या मातीत एकच ठसा, अगदी झकास उठलेला. काय सांगू आमची धांदल. नलूनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. ठशाचा साचा घ्यायला पांढरी भुकटी आणली होती, ती डॉक्टरांनी दात भरायच्या शिताफीनं कालवली, ठशात ओतली, आणि आम्ही सहाजण भोवती बसून ते वाळायची वाट बघत राहिलो. मोठ्यानं बोलायचीही सोय नव्हती. साचा निघाला तेव्हा डॉक्टरांचा आवाज चक्क कापरा झाला होता.

गजाननभाऊ आले. साचा हातात घेतला, उलटापालटा केला, माझ्याकडं पाहिलं.

"ताई, मघा हितं पाय धुतले का तुमी?"

धुतले होते. बुटात वाळू गेली म्हणून उजवा पाय काढून ओढ्यात धुतला होता आणि खळखळून हसत पुढं गेले होते.

"हे अस्वल पुण्याहून आलं," गजाननभाऊ म्हणाले.

मला बूट काढून पाय साच्याला लावावा लागला. तंतोतंत बसला, करंगळीसकट. नलू हसून हसून ओढ्याच्या वाळूत आडवी झाली. डॉक्टर दुर्बीण पुसायला लागले. मीच त्यांची कीव येऊन विचारलं, "पण भाऊ, तुम्ही ओळखलंत कसं?"

"अंगठ्यावरून. माणसाचं मोठं बोट आतून असते. अस्वलाचं मोठं बोट बाहेरून. देवानं त्याले डावा पाय उजवीकडं लावून देल्ला आन् उजवा डावीकडं."

हे मात्र मला एका क्षणात कळलं. नवी असताना मी एका नवरीच्या ब्लाउजला डावी बाही उजव्या मुंढ्याला लावली होती. लांबून बघा, ब्लाउज अगदी व्यवस्थित. हात वर केला की समजतं. तीस वर्षं झाली, ती नवरी रस्त्यात दिसली तर मी अजून फूटपाथ बदलते.

तो साचा मी टाकून दिला नाही. आठवण म्हणून ओढणीत गुंडाळून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चूल थंड होती. शेवंताबाई आली नव्हती. गजाननभाऊ आले, पण आदल्या दिवशीचा माणूस नव्हता तो. काय झालं ते त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं.

जंगलाला लागून उस्मानभाईंचं वावर आहे. शेवंताबाई तिथंच वेचायला जायची. परवा कुणीतरी त्यांची वावरातली खोपी (झोपडी) फोडली. बैलांसाठी ठेवलेला गूळ, मजुरांसाठीच्या शेंगा फस्त केल्या आणि चांगला निवडून ठेवलेला कापूस गोणी फाडून विस्कटला. चिखलात पावलं उठली होती, अनवाणी. काट्यांच्या आणि सापांच्या भीतीनं त्या गावात कुणी अनवाणी वावरात जात नाही. एकच बाई जाते.

"उस्मानभाई शिव्या देणारा माणूस नाई," गजाननभाऊ म्हणाले. "फक्त सांगावा धाडला, उद्यापासून येऊ नको. पण त्याहीनं बंद केलं म्हंजे गावच बंद करते, ताई. यंदा बोंडअळीनं वेचा अर्ध्यावर आणला. ज्याच्या-त्याच्या वावरात बाया कमीच पायजे हायेत. वरून चोर म्हून नाव झालं तं पुढच्या सालीही कोणी बोलवत नाई."

"तुम्ही पावलं बघितलीत?"

"पाह्यली. अस्वल हाय. पण माया शब्द कोण मानते? मी तिचा भाऊ. आन् गावात आधीच म्हणतात, गजाननले दुधाच्या भांड्यातही अस्वल दिसते."

मला असा राग आला की विचारू नका. ज्या बाईनं तिसरी भाकरी न मागता वाढली ती कुणाचा गूळ खाईल? मी पर्स उचलली, ओढणीत गुंडाळलेला साचा घेतला आणि म्हटलं, "चला." नलूनं एका शब्दानं 'का' म्हणून विचारलं नाही. डॉक्टरही आले, टिपणांच्या वहीसकट.

उस्मानभाईंचं वावर लांबूनच ओळखू आलं आणि त्या रागातही मला हसू फुटलं. अख्ख्या धुऱ्याला (बांधाला) साड्या बांधलेल्या. हिरव्या, जांभळ्या, फुलाफुलांच्या, एक तर जरीकाठी. वाऱ्यावर नुसती फडफड. साड्या हलतात, माणसाचा वास येतो, म्हणून रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) बिचकतात. तार लावून त्यात वीज सोडण्यापेक्षा हे बरं, म्हणून आमची सहल साड्या गोळा करत होती. मी एवढी गिऱ्हाइकं केली, पण एका ठिकाणी इतका माल पाहिला नव्हता.

उस्मानभाई साठीचे, पांढरी दाढी, आवाज मऊ. आम्हाला बाजेवर बसवलं, बोरं पुढं केली. त्यांना बघून माझा राग थोडा अडखळलाच. त्यांनी एक बोंड तोडून माझ्या तळहातावर उकललं. आत पिवळा, चिकटलेला कापूस आणि मधोमध गुलाबी अळी, गव्हाच्या दाण्याएवढी, ऐटीत.

"बीटीचं बियाणं आलं तवा म्हणे, बोंडाले अळी शिवतच नाई," ते म्हणाले. "काही सालं नाईच शिवली. आता अळीच बीटी खाऊन राह्यली. ताई, मले कोणाचं वाईट करायचं नाई. पण जे बरं निघालं होतं, तेच फाडलं ना."

"अस्वल असेल," मी म्हटलं.

"साड्या बांधल्यापासून डुक्कर नाई आलं, रोही नाई आलं. अस्वल कुठून येईन? गजाननचं सोडा. बहिणीसाठी तो म्हणनच." मग ते खोपीमागं गेले. तिथं पाण्याचा पाइप गळत होता आणि चिखलात पाच टोपली पालथी घातलेली होती. पुरावा तुडवला जाऊ नये म्हणून त्यांनीच झाकला होता. टोपल्यांखाली पाच पावलं. खरंच, बारक्या बाईची वाटावीत अशीच.

"शेवंताबाईंना बोलवा," मी म्हटलं.

ती आली, पण धुऱ्यावरच थांबली. डोळे सुजलेले. वेचणाऱ्या चार बाया हात थांबवून बघायला लागल्या. मी टेप काढली तशी ती मागं सरली.

"पाय कायले मोजता, ताई? मी चोर नाई."

"म्हणूनच मोजते."

मी खाली बसले. त्या पायांना भेगा, काट्यांचे काळे ठिपके, एका बोटाला चिंधी. पाय पावणेनऊ इंच. चिखलातलं पाऊल पावणेआठ. मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं.

"चिखल वाळला की आकसते," उस्मानभाई शांतपणे म्हणाले. "आकसंन नाई तं भेगा कशा पडतीन?"

माणूस खोटं बोलत नव्हता. माझी टेप लुळी पडली. गजाननभाऊ मान खाली घालून उभे. शेवंताबाई परत जायला वळली. आणि मी पावलांकडं बघत बसले, जशी एखाद्या फसलेल्या ब्लाउजकडं बघत बसते, कुठं ओढ बसतेय ते शोधत. मग दिसली ती बाही.

"उस्मानभाई, हे डावीकडचं पाऊल. याचं मोठं बोट कुठल्या बाजूला आहे?"

ते वाकले. "डाव्या."

"तुमच्या डाव्या पायाचं?"

त्यांनी आपल्या पायाकडं पाहिलं. परत चिखलाकडं. मी ओढणीतून माझा साचा काढला, माझ्या उजव्या पायाचा, आणि त्या डाव्या पावलात अलगद ठेवला. टाच माझी लांब पडली, पण अंगठा बरोब्बर अंगठ्यावर बसला.

"हा माझा उजवा पाय. तुमच्या चोराचा हा डावीकडं आहे. पाचही पावलांचं तसंच आहे. शेवंताबाईंनी खोपीपर्यंत पायांची अढी घालत यायला हवं, उजवा डावीकडं, डावा उजवीकडं. जरा चालून दाखवा बरं."

आणि तो भला माणूस खरंच चालायला गेला. उजवा पाय डावीकडं टाकला, डावा त्याच्यावरून उजवीकडं, तिसऱ्या पावलाला तोल गेला आणि डॉक्टरांच्या अंगावर आला. डॉक्टर सावरायला गेले आणि त्यांचेच पाय एकमेकांत अडकले. दोघं चिखलात. वेचणाऱ्या बाया आधी दबून, मग मोकळ्या हसायला लागल्या. नलूला तर उचकीच लागली.

तेवढ्यात नाल्याकडून गजाननभाऊंची हाक आली. नाला वावरात शिरतो तिथं एक हिरवी साडी वर सरकलेली होती, शेजारच्या बोरीच्या काट्यांना काळे राठ केस लटकलेले आणि खाली विष्ठा, बोरांच्या आठळ्यांनी भरलेली. बोरं खायला आलेलं अस्वल गुळाच्या वासानं खोपीपर्यंत गेलं होतं. डुकरं साडीला भितात, म्हणून अस्वलही भिईल, असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

उस्मानभाई हातानं चिखल पुसत शेवंताबाईसमोर येऊन उभे राहिले.

"चूक झाली माही, शेवंताबाई. साऱ्याइच्या समोर झाली, म्हून साऱ्याइच्या समोर सांगतो. उद्या येजो."

"उद्या काऊन?" शेवंताबाई म्हणाली. "अर्धा दिवस हाय ना अजून." कमरेला ओटी बांधून ती ओळीत शिरलीसुद्धा. मी धुऱ्यावर बसून रडले. आनंदानं रडले, सांगायला लाज कसली.

संध्याकाळी भाकऱ्या मोजायच्या पलीकडं गेल्या. शेवंताबाईला सारखं उस्मानभाई पडलेले आठवत होतं आणि तवा करपत होता.

अस्वलही दिसलं, शेवटच्या दिवशी सकाळी. उस्मानभाईंच्या वावरावरच्या टेकाडावर, बोरीच्या झुडपात डोकं खुपसलेलं. आम्हाला घडलं ते पाठमोरं दर्शन. काळंभोर, केसाळ, ढोपरात वाकलेलं, आणि कुणी बघतंय याची कणभर फिकीर नाही. खाऊन झाल्यावर ते डोलत डोलत निघून गेलं, आपल्या उलट्या पायांनी. नलू माझ्या कानात म्हणाली, "घाबरले नाही गं मी." तिच्या गळ्यातली शिट्टी मात्र दातांत गच्च धरलेली होती.

निघताना माझ्या दोन नायलॉनच्या साड्या मी स्वतः नाल्यावर बांधल्या. अस्वल ऐकणार नाही, पण डुकरांसाठी.

पुण्यात आले आणि अकरा ब्लाउजांनी माझा पुरता सूड घेतला. साचा मशिनशेजारी ठेवलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय, आणि मी 'अस्वल' म्हणून सांगते. या सहलीनं मला काय शिकवलं असं नलू विचारते, तेव्हा मी म्हणते, माणूस लांबून बघतो आणि माप न घेताच कापतो. मी मोठी शहाणी, मीही आयुष्यभर तेच केलंय.

होळीच्या आठवडाभर आधी दुकानात फोन वाजला. उस्मानभाई होते. नंबर गजाननभाऊंनी दिला म्हणाले.

"ताई, शेवंताबाई सैलानीले नवस फेडायले जाऊन राह्यली. माह्या बायकोले म्हणे, तुमालेही यावं लागते. आमी म्हटलं, आमी काऊन? तं म्हणे, नवस तुमच्याच वावराचा होता. अळी लागू नये म्हून."

मी कात्री खाली ठेवली.

"मी म्हटलं, माय, वावर माहं, आन् अनवाणी तू? तं म्हणे, वावर तुमचं, पण पोट मायं त्यातच हाय ना."

"पण अळी तर लागलीच, भाई."

"मी बी तेच म्हटलं. तं म्हणे, अर्धं वावर वाचलं ना. मी अर्धंच मागितलं होतं असं समजा." ते हसले. फोनवर नुसतं वारं ऐकू येत होतं, साड्यांचं असावं. "ताई, माही बायको सैलानीले तिच्या पायात नवी चप्पल घालणार हाय. पण तिले विचारलं तं ती नको म्हणन. तुमी मोजला होता ना पाय. ते माप सांगता का?"

मापांची वही काढायची गरज नव्हती.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "पावणेनऊ इंच. टाचेशी अरुंद आहे. आणि चवड्याशी जरा सैल घ्या, वर्षभर मोकळा राहिलेला पाय आहे."